बाडमेरची नाडी आणि आमचं पोकलेन

बाडमेरला जाऊन आलो म्हटलं की भडगावात लोक दोनच गोष्टी विचारतात. तेल दिसलं का, आणि उंटावर बसलात का. तेल दिसलं नाही. ते जमिनीखालून नळीत येतं आणि नळीतूनच पुढे जातं, आपल्यासारख्याला त्याचा वासही लागत नाही. उंटावरही बसलो नाही. उंटावरचा शहाणा मात्र होऊन आलो, आणि तो कसा झालो हे सांगायला हे लिहितो आहे. प्रवासाची गंमत वाचायला मिळेल म्हणून कुणी हे हातात घेतलं असेल तर त्याने आत्ताच खाली ठेवावं.

मी मातीकामाचा ठेकेदार. ठेकेदार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पांढरी गाडी येते. माझ्याकडे एक पोकलेन आहे आणि ते चालवणारा आत्माराम आहे, एवढाच पसारा. शेततळी, नाले, विहिरी, गिरणेच्या दोन्ही अंगांना आम्ही दोघांनी मिळून पुष्कळ खोदलं. आत्माराम माझ्याच वयाचा, पन्नाशीचा. बोलायला लागला की पक्की अहिराणी, आणि मशीनवर बसला की मुका. बकेटचे दात जमिनीला लागले की आवाजावरून तो सांगतो, मुरूम आहे की मांजऱ्या खडक. त्याचं बाकी कशावर फारसं मत नसतं.

आता गावोगाव मशीन झालं. पूर्वी मुलीसाठी स्थळ बघताना शेती किती विचारायचे, आता दारात मशीन उभं आहे का विचारतात. तळी तर खोदून संपली, शेत काही दरवर्षी वाढत नाही. उरला नदीतल्या वाळूचा धंदा. त्यात मी पडलो नाही, आणि पडलो नाही म्हणून मोठा साधू आहे असंही नाही, भीती वाटते. शेवटी घरात ठरलं की या मोसमात काम लागलं तर ठीक, नाहीतर मशीन विकायचं. मशीन गेलं की आत्मारामचं काम गेलं. त्याला दुसरं काही येत नाही. खरं सांगायचं तर मलाही येत नाही.

पाचोऱ्याच्या एका ओळखीच्या माणसाने सांगितलं, वर राजस्थानात तेलाच्या पट्ट्यात मशीन कमी पडतात, नवीन विहिरींसाठी जागा सपाट करायच्या आहेत, जाऊन बघा. होळी झाली आणि आम्ही मशीन ट्रेलरवर चढवलं.

कोंडाईबारी

धुळं, साक्री मागे टाकून कोंडाईबारीच्या घाटात ट्रेलर तापला म्हणून थांबलो. तिथे झाडाखाली घरच्या शिदोरीतलं शेवटचं जेवण झालं. कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि कच्चं तेल. आत्मारामने एक भाकरी फडक्यात बांधून परत ठेवली. मी विचारलं, ही कुणाला?

"पोचनू का त्या मातीले दाखाडसू," तो म्हणाला. "म्हनसू, आम्ही हाई खातस. आते आम्हले काम दे."

मी हसलो. त्याच्या पिशवीत नारळ होता, अगरबत्ती होती आणि बायकोने दिलेले बिबडे होते. तो आयुष्यात पहिल्यांदाच इतक्या लांब निघाला होता, आणि माझ्या भरवशावर निघाला होता. घाट उतरताना मी मनात परतीचं भाडं मोजत होतो, ते मी त्याला सांगितलं नाही. मधला गुजरात मी वगळतो. त्यात सांगण्यासारखं फक्त एवढंच की सगळीकडे भाजीत साखर होती आणि आत्माराम सगळीकडे ठेचा मागत होता.

तेलाच्या पट्ट्यात

बाडमेरच्या पुढे जमीन संपते आणि रेती सुरू होते. मधे मधे खेजडीची झाडं आणि आकड्याची झुडपं, म्हणजे आपली रुईच. दूरवर एखाद्या उंच नळीच्या टोकाला भर दुपारी गॅसची ज्योत जळत असते. आपल्याकडे एवढा जाळ दिसला तर गाव बादल्या घेऊन धावेल; इथे तिच्या पलीकडे शेळ्या चरत होत्या.

मशीन उतरवलं, नारळ फोडला. आत्मारामने भाकरीचा तुकडा खरंच खाली ठेवला आणि पहिली बकेट मारली. रेती बकेटच्या कडांवरून ओघळून परत जागच्या जागी जाऊन बसली.

"भाऊ, हाई माटी नही," तो वरून ओरडला. "हाई ते बाजरीनं पीठ शे. बकेटमा थांबतच नही."

रेतीची सवय होते. माणसांची अडचण निराळी निघाली. तिथला मोठा ठेका एकाचा, त्याच्या खाली दुसरा, त्याच्या खाली तिसरा, आणि त्या तिसऱ्याच्या तंबूत आम्ही बसलो. त्याला सगळे चौधरी म्हणत. माणूस गोड. रोज चहा पाजायचा आणि रोज तेच सांगायचा.

"आपकी मशीन तो चोखी है, साहब. पर गाँववाले लगने दें, तब ना."

त्याचं चूक नव्हतं. ज्या ढाणीच्या, म्हणजे वस्तीच्या, जमिनीवर काम निघेल तिथलेच ट्रॅक्टर आणि मशीन आधी लागायचे, असा तिथला रिवाज आहे. बाहेरचं मशीन आलं की पोरं रस्त्यात आडवी बसतात. आपल्याकडेही बसली असती. जमीन त्यांची, धूळ त्यांच्या घरात, तर काम तरी त्यांना मिळावं. पण आम्ही ट्रेलरचं भाडं देऊन इतक्या लांब आलो होतो, आणि मशीन तंबूमागे उभं राहून रेतीने भरत होतं. आत्माराम रोज सकाळी ते पुसायचा. रिकाम्या मशीनचं पुसणं बघवत नाही. आगीतून फुफाट्यात आलो आणि सोबत त्यालाही आणलं, हे मला त्या दिवसांत सारखं वाटत होतं.

ढाणी

जिथे पुढची जागा सपाट करायची होती, तिथल्या ढाणीचं नाव मी देत नाही. त्या लोकांना पुरेसा त्रास झाला आहे. दहा-बारा घरं, गोल, गवताच्या छपरांची. तिथल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला सगळे बासा म्हणत, जसं आपण आबा म्हणतो. चौधरीनेच सुचवलं की बासा हो म्हणाले तर पोरं आडवी येणार नाहीत.

गेलो. बासांनी खाटेवर बसवलं आणि आधी पाणी दिलं, तेही तांब्याच्या लोट्यात अर्धंच. मला वाटलं, कंजूष आहेत. नंतर कळलं की तिथे पाहुण्याला अर्धा लोटा देतात आणि तहान राहिली तर पुन्हा देतात. भरलेल्या लोट्यातलं उष्टं पाणी फेकावं लागतं, ते तिथे कुणाला पाहवत नाही. मग बाजरीचा सोगरा आला, आपल्या भाकरीच्या दुप्पट जाड, त्यावर तूप आणि सोबत सांगरीची, म्हणजे खेजडीच्या शेंगांची, भाजी. आत्मारामने मन लावून खाल्लं आणि पिशवीतून बिबडे काढून बासांच्या सुनेला दिले. तिने ते चुलीवर भाजले. घरभर हसू झालं. ज्वारीचा पापड असतो हे त्यांना माहीत नव्हतं.

"खानदेश कठै?" बासांनी विचारलं.

मी सांगितलं, खाली, तापीकडे, जिथे केळी होतात.

"पाणी है?"

मी म्हटलं, आहे, पण खोल. आम्ही दोघं तेच काम करतो, पाणी खोल जातं तसं त्याच्या मागे जातो.

बासा काठी घेऊन उठले. मग आम्हाला घेऊन वस्तीच्या मागे गेले. तिथे त्यांची नाडी होती. नाडी म्हणजे पावसाचं पाणी साठवायचं तळं. बुटक्या भिंतीएवढा बांध, आत उतरता खळगा, तळाशी चिखलाचं थोडं पाणी आणि त्यात उभ्या गाई. सरकारी नळ आला तर येतो, टँकर मागवला तर परवडत नाही. माणसं आणि गुरं या नाडीवर. बासांनी कोपरापासून बोटांपर्यंत हात दाखवला. एवढाच गाळ काढून द्या, म्हणाले. दरवर्षी आखातीजेच्या सणाआधी सगळे मिळून टोपल्यांनी काढतात, पण आता तरुण पोरं तेलाच्या कामावर जातात, टोपली कुणी उचलत नाही.

आता आमच्याकडचा एक रिवाज सांगायला हवा. खान्देशात मशीन कुठल्याही गावात शिरलं की रस्त्यातला पहिला माणूस म्हणतो, "भाऊ, दोन बकेट मारी दे ना." कुणाचा उकिरडा उचलायचा असतो, कुणाच्या बांधावरचा धोंडा. याचे पैसे घेत नाहीत. दोनाच्या दहा बकेट होतात, तरी मोजत नाहीत. जो मोजतो त्याला त्या गावात पुन्हा काम लागत नाही. माझ्या वडिलांकडे माती ओढायची बैलांची केणी होती, तेव्हाही हेच होतं. तेव्हा बासांनी हातभर गाळ म्हटल्यावर मला परक्या मुलखात पहिल्यांदा आपल्या घरचं काहीतरी ऐकल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, बासा, उद्याच मशीन आणतो.

आखातीज

आपली आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, तीच त्यांची आखातीज. आपल्याकडे त्या दिवशी घागर भरतात, मांडे आणि आमरस करतात, लेकी माहेरी येऊन झोके घेतात. तिथे बाजरीचा खीच आणि गुळाची गळवाणी करतात आणि म्हातारी माणसं वाऱ्यावरून पावसाचा अंदाज काढतात. आदल्या दिवशी आम्ही नाडीत मशीन उतरवलं. बासा त्या दिवशी नात्यातल्या लग्नाला दुसऱ्या ढाणीत गेले होते.

हातभर गाळ दुपारच्या आत निघाला. लोकांनी ट्रॅक्टर लावून तो आपापल्या शेतात नेला, आपले लोक नेतात तसाच. बायकांनी सारवायला पाट्या भरल्या. पोरं काठावर बसून मोबाइलवर फोटो काढत होती. आत्माराम खुशीत होता. इतक्या दिवसांनी काम होतं, आणि काम चांगलं दिसत होतं. मीही खुशीत होतो. मला वाटलं, एवढ्यावर थांबायचं? हातभर म्हातारा माणूस मागतो, कारण टोपलीने तेवढंच निघतं. आपल्याकडे मशीन आहे. गावाला आयुष्यभर आठवेल असं करून देऊ.

मी खुणेनेच खाली दाखवलं. आत्माराम आणखी खोल खोदू लागला. थोड्या वेळाने बकेटचे दात कशावर तरी करकरले. त्याने मशीन थांबवून मान बाहेर काढली.

"भाऊ, कडक लागनं. पांढरं शे. काय करू?"

खान्देशातल्या माणसाला हे विचारावं लागत नाही. आमच्याकडे विहिरीत, नाल्यात कडक थर लागला की बघ्यांच्या अंगात येतं. तो थर फोडला की खाली पाझर असतो. आयुष्यभर मी त्याच आवाजाची वाट बघत आलो आहे. तो आवाज ऐकला की शेतकरी पोराला पेढे आणायला पाठवतो.

"फोड," मी म्हटलं.

आणि त्याने फोडला. नाडीच्या मध्यावरून, या कडेपासून त्या कडेपर्यंत. खाली रेती लागली, तेव्हा मला वाटलं, चला, आता पाणी मुरायलाही जागा झाली. मी स्वतःवर एवढा खूश होतो की गुळाची गळवाणी तीन वाट्या प्यायलो.

बासा दुसऱ्या दिवशी आले. काठावर उभे राहून त्यांनी खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ऊंडी घणी कर दी सा." फार खोल केलीत. मला ते कौतुक वाटलं. माणूस मनातलं नेहमीच चेहऱ्यावर आणतो असं थोडंच आहे? पोरांनी मात्र चौधरीला सांगितलं की हे मशीन आमचंच समजा.

जेठ

पुढचे दिवस आमच्या प्रवासातले एकमेव चांगले दिवस. सकाळी लवकर काम सुरू, ऊन चढलं की बंद, संध्याकाळी पुन्हा. रेतीचे उंचवटे कापून जागा सपाट करायची, वर मुरूम टाकून दाबायचा. आत्माराम रेतीलाही शिकला. बकेट किती तिरपी धरली की रेती थांबते ते त्याला कळलं होतं. बासांची सून रोज ताक पाठवायची. घरी फोन करून मी बायकोला सांगितलं, मशीन विकायचा विचार सोडून दे. आत्मारामने त्याच्या बायकोला काय सांगितलं माहीत नाही, पण त्या दिवशी तो मशीनवर गुणगुणत होता.

मग एका दुपारी पश्चिमेकडून वाळूची भिंत आली आणि तिच्या मागून पाऊस. जेठात एवढा पाऊस तिथे सहसा येत नाही. सगळी ढाणी बाहेर आली. चहूकडून ओघळ नाडीत उतरले, पोरं काठावर नाचली, आणि संध्याकाळी नाडी जवळजवळ अर्धी भरली होती. एका माणसाने आत्मारामला उचलून घेतलं. बासा एकटेच बांधावर काठी टेकून बसले होते आणि पाण्याकडे नाही, पाण्याच्या कडेकडे बघत होते. मला वाटलं, म्हातारपण.

सकाळी आत्माराम मला उठवायला आला.

"भाऊ, पानी कोठे गयं?"

नाडीत मधोमध ओला चिखल होता. बाकी ठिकाणी चकाकती ओली रेती. तिच्यात गाई तोंड घालून उभ्या होत्या. बायका हंडे घेऊन काठावर थांबल्या होत्या, खाली उतरत नव्हत्या. कुणी ओरडलं नाही. कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं.

बासा म्हणाले, "पाणी हेठै गियो परो." खाली गेलं. बस, एवढंच. पुढचं समजावून सांगायची गरज नव्हती. जो पांढरा कडक थर मी फोडायला सांगितला, तोच पाणी धरून होता, आणि त्यावरचा वर्षानुवर्षांचा गाळही. आमच्याकडे कडक थराखाली पाणी असतं, त्यांच्याकडे कडक थरावर. हे मी विचारलं नाही, कारण मला माहीत आहे असं मला वाटत होतं. मागितलं होतं हातभर, दिलं पुरुषभर.

गाळ परत टाकावा म्हटलं तर तो शेतांत पसरून नांगरलाही गेला होता. आत्माराम वेड्यासारखा मशीनच्या पट्ट्यांनी तळ दाबत राहिला, पुढे, मागे, पुढे, मागे. रेती दबते कुठे? मग खाली उतरून तो माझ्याजवळ बसला.

"आपली काळी माटी," तो म्हणाला. "भाऊ, ती अठे ऱ्हाती ते थेंब गया नसता."

खरं होतं. जिला आपण घराच्या भिंती तडकवते म्हणून शिव्या देतो, बुटांना चिकटते म्हणून वैतागतो, ती एक थर अंथरली असती तर नाडी पुन्हा पाणी धरती. त्या जिल्ह्यात चिकणमातीच्या खाणी आहेत, पण दूर. मी चौधरीकडे गेलो. म्हटलं, ट्रक लावा, माती आणा, पसरायचं आणि दाबायचं काम आम्ही फुकट करतो. मला वाटतं मी हात जोडले होते. त्याने या वेळी चहा विचारला नाही.

"पहले मशीन हटाइए, साहब. गाँव गरम है."

गाव गरम नव्हतं. मी तिथूनच आलो होतो, ते थंड होतं. पण पोरं खरंच रस्त्यात आडवी बसली, आणि मी त्यांच्या जागी असतो तर मीही बसलो असतो.

निघताना बासांना भेटायला जायची माझी हिंमत नव्हती. आत्माराम म्हणाला, जावंच लागेल. गेलो. बासांनी खाटेवर बसवलं, आणि सुनेला हाक मारून घरच्या टाक्यातलं पाणी आणायला सांगितलं. ते टाकं म्हणजे अंगणातली छोटी बंदिस्त विहीर, पावसाळ्यापर्यंत पुरवायची. मी नको म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही.

"पावणो तिरसो कोनी जावै," ते म्हणाले. पाहुणा तहानलेला जात नाही. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "थे तो भलो ई करण नै आया हा." तुम्ही तर भलंच करायला आला होतात.

लोटा या वेळी भरलेला होता. मी तो सगळा प्यायलो, कारण उरलेलं फेकावं लागलं असतं.  आत्मारामने आपला लोटा हातात घेतला आणि रडला.

परत

कोंडाईबारीचा घाट चढताना आम्ही थांबलो नाही. भडगावात पाऊस झालेला होता, रस्त्याकडेला काळी माती फुगून वर आली होती. ट्रेलरवरून मशीन उतरवलं तेव्हा तिच्यात पट्टे रुतले. आत्माराम खाली बसून ती हाताने सोडवत राहिला, नेहमी करतो त्यापेक्षा जास्त वेळ.

पावसाने उघडीप दिली तेव्हा पाचोऱ्याकडच्या एका गावातून बोलावणं आलं. गावतळ्याचं खोलीकरण. पुढे त्याच भागात आणखी कामं निघणार होती; हे नीट झालं की ती आमचीच, असं सरपंचाने फोनवर सांगितलं. मशीन राहणार की जाणार, ते त्या कामावर होतं. घरात तसं सर्वांना माहीत होतं. आत्मारामलाही माहीत होतं.

काम चांगलं चाललं होतं. दुपारच्या सुमाराला बकेटचे दात करकरले. काठावरचे लोक उठून उभे राहिले.

"लागना ना कडक!" सरपंच ओरडला. "फोडा भाऊ, फोडा! खाले पानीच शे!"

आत्मारामने इंजिन बंद केलं. हात मांडीवर ठेवून तो माझ्याकडे बघत बसला.

"तुम्ही सांगा भाऊ," तो म्हणाला. "मना हात चालत नही."

हा खान्देश होता. माझीच जमीन होती, या थराखाली काय असतं हे मला माझ्या घराइतकं माहीत होतं. शब्द दोन अक्षरांचा होता. मी तोंड उघडलं. सगळे माझ्याकडे बघत होते, सरपंच, काठावरचे म्हातारे, हंडे घेऊन आलेल्या दोन बायका. त्या बायकांकडे बघितलं आणि मला तो शब्द म्हणता आला नाही.

लोक थोडा वेळ थांबले. मग हसले, मग चिडले. संध्याकाळपर्यंत त्यांनी दुसऱ्याचं मशीन आणलं आणि थर फोडला. खाली भरपूर पाणी लागलं. पेढे वाटले, आम्हालाही दिले.

"बरं व्हयनं," आत्माराम म्हणाला, आणि पेढा फडक्यात बांधून खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी मशीन बघायला गिऱ्हाईक आलं, तेव्हा ते चालू करून दाखवायला तोच वर चढला.